आधी टाकी, मग औषध

डिझेल हाताला लागलं की माणसं ते पटकन कपड्याला पुसून टाकतात. मी आधी अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर चोळून बघते. चांगलं डिझेल बोटांत सरकत राहतं. रॉकेल मिसळलेलं असलं, तर दोन-चार वेळा चोळल्यावर कातडीला कातडी लागते. माझा भाचा कॉलेजात शिकवतो. तो म्हणतो, "मावशी, ह्याला शास्त्र म्हणत नाहीत." बरोबर आहे त्याचं. प्रयोगशाळेतलं मशीन माझ्या बोटांपेक्षा खरं सांगणार, मान्य. पण पस्तीस वर्षं बाळकुम-कोलशेतपासून पार कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या टेम्पोवाल्यांनी, टँकरवाल्यांनी बाटलीत डिझेल भरून माझ्याकडेच आणलंय, मशीनकडे कोणी गेलं नाही.

माझा धंदा डिझेल पंपांचा. लग्नाकार्यात हे सांगितलं की बायका एकदम सरसावून बसतात. त्यांना वाटतं, हिचा हायवेला पेट्रोल पंप आहे. मग सांगावं लागतं, बायांनो, तो पंप नाही. हा इंजिनाला चिकटलेला असतो, साधारण नारळाएवढा. टाकीतलं डिझेल ओढायचं, जोरात दाबायचं, आणि नेमक्या वेळेला नेमकं तेवढंच इंजिनात सोडायचं, एवढंच त्याचं काम. एवढंच म्हणजे सगळंच. तो रुसला की बाकीचं इंजिन कितीही धडधाकट असो, गाडी जागची हलत नाही. एवढं ऐकेपर्यंत बायका जिलबीकडे वळलेल्या असतात.

मी दहावी नापास. हे कामाला होते तो कोलशेतचा कारखाना बंद झाला, तेव्हा मी रस्त्यापलीकडच्या एका पंपरूममध्ये सुटे भाग धुवायच्या कामाला लागले. पंपरूम म्हणजे डिझेल पंप उघडून दुरुस्त करायची खोली. तिथे धूळ चालत नाही, म्हणून ती आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ. धुता धुता मी भाग ओळखायला लागले, मग कुठला भाग कुठे झिजतो ते कळायला लागलं. एकदा शेठ एका मिस्त्रीवर ओरडत होते, की पंप तीनदा जोडला तरी डिझेल का टपकतंय. मी मोरीतूनच म्हटलं, "शेठ, तो आतला दांडा ह्या पंपाचा नाहीच. काल मी धुतला तेव्हा दुसऱ्या ट्रेमध्ये होता." त्या दिवसापासून मला मोरीतून बाहेर स्टूल मिळालं. पुढे शेठ गावी गेले आणि पंपरूम मीच घेतली. मधली वर्षं सांगत बसत नाही, त्यात नुसते हप्ते आहेत.

आता थोडं धंद्यातलं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पंपाच्या आत एक दांडा एका नळीत वरखाली किंवा गोल फिरत असतो. त्या दोघांमध्ये जागा किती? केसाचे उभे तुकडे करत गेलात, तर त्यातला एखादा तुकडा कसाबसा मावेल एवढी. आणि तिथे वेगळं तेल कोणी सोडत नाही. जे डिझेल त्यातून जातं, तेच त्याचं वंगण. आमटी उकळतानाच डाव धुतला जावा तसं. म्हणून डिझेलमध्ये थोडा बुळबुळीतपणा लागतो. पूर्वीच्या डिझेलमध्ये तो उपजत होता, पण त्यात गंधकही भरपूर होतं आणि त्याचा धूर आपल्या छातीत जायचा. काही वर्षांपूर्वी सरकारने ते गंधक काढायला लावलं. फार चांगलं केलं, माझा स्वतःचा खोकला कमी झाला. पण गंधक काढायच्या कामात डिझेलचा बुळबुळीतपणाही बराचसा निघून जातो. तेलकंपन्या तो वरून परत घालतात आणि नवीन गाड्यांना तेवढा पुरतो. जुनी गाडी, पंधरा-वीस वर्षं घासलेला पंप, वर महिनोन्महिने उभी, तिला मात्र थोडा जास्त लागतो. त्यासाठी जे घालायचं त्याला पुस्तकात ॲडिटिव्ह म्हणतात, आमच्याकडे औषध म्हणतात.

औषधाच्या नावाखाली लोकांनी काय काय घातलंय ते विचारू नका. कोणी स्कूटरचं टू-टी ऑइल घालायचं. ते मीही एके काळी सांगत असे, खोटं का बोलू, जुन्या पंपांना मानवायचं. कोणी इंजिनाचं काढलेलं काळं तेल घालायचं, ते विषच. डोंबिवलीचा एक फरसाणवाला होता. त्याने कुणाचं तरी ऐकून तळणीचं उरलेलं तेल गाळून टेम्पोत घातलं. महिनाभर खूश होता. त्याचा टेम्पो पुढे गेला की मागच्या रिक्षावाल्यांना भूक लागायची. मग थंडी पडली, तेल गोठलं आणि टेम्पो बसला. पंप उघडला तर आत अक्षरशः डालडा. मी त्याला म्हटलं, "भाऊ, शेव तेवढी राहिली बघा घालायची." तो म्हणतो, "मॅडम, तेल फर्स्ट क्लास होतं, एकदाच तळलेलं!"

अशा लोकांसाठी मी पंपरूमच्या भिंतीवर लाल रंगात लिहून घेतलं होतं: आधी टाकी, मग औषध. कारण चांगलं औषध नुसतं वंगण देत नाही, ते साफही करतं. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा काळा चिकट गाळ बसलेला असतो. बसलाय तोवर बसू दे, तो कोणाला त्रास देत नाही. पण औषध पडलं की तो सुटतो आणि सगळा एकदम फिल्टरमध्ये येऊन अडकतो. म्हणून आधी टाकी उतरवून धुवायची, फिल्टर बदलायचा, मग टाकी भरायच्या आधी मोजून झाकणभर औषध, वरून डिझेल. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की झोपेतसुद्धा म्हणेन. आणि हाच नियम मी मोडला. कुठल्या गाडीसाठी मोडला, ते सांगायला हा लेख लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी सकाळी एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, पायात चकचकीत बूट. मी म्हटलं, "या ना आत, गाडी कुठेय?"

"लांब लावलीय, मावशी. तुमच्या दारात आणली तर चालेल का, ते आधी विचारायला आलो. शववाहिका आहे."

हे कांबळे. वर्तकनगरच्या एका मंडळाची शववाहिका वीस वर्षं तेच चालवत होते. मानधन नावापुरतं. पण त्यांच्याइतकं ते काम कोणाला कळत नसेल. बौद्धांच्या घरी काय म्हणतात, आगऱ्यांच्या घरी काय करतात, कुठे फुलं लागतात, कुठे लाह्या, सगळं त्यांना पाठ. घरची माणसं भांबावलेली असतात, त्यांना हळू आवाजात सांगून पुढे न्यायचं.

"काय होतंय गाडीला?"

"हिसके मारते. पुढे माणसं पायी चालतात, त्यांच्या पावलाने पहिल्या गिअरमध्ये न्यावी लागते. मध्येच थरथरते आणि उडी घेते. मावशी, मयताला हिसके बसतात. परवा एक मुलगी आतून ओरडली, काका, हळू ना, आईचं डोकं हलतंय." एवढं बोलून ते बुटांकडे बघत राहिले. "मी हळूच चालवत होतो हो."

मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी पुढचं सांगितलं. मंडळाचे सेक्रेटरी सावंत साहेब, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. ते म्हणाले होते, की हिसके बघू, पण ज्या दिवशी ही गाडी मयत घेऊन रस्त्यात थांबेल, त्या दिवशी भंगारात जाईल. नवीन गाडी एजन्सीची येणार, ड्रायव्हरही एजन्सीचा.

"आजवर कधी थांबलीय?"

"एकदाही नाही."

"मग थांबणारही नाही," मी म्हटलं. "माझा शब्द."

असं बोलायची मला सवय आहे. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं.

गाडी दाराशी आणवली. इंजिन चालू ठेवून पंपावर हात ठेवला. रोटरी पंप, जुना, आतून पूर्ण डिझेलवरच जगणारा. मेलेला नव्हता, कोरडा पडला होता. कारण उघड होतं. ही गाडी एक तर उभी असते, नाही तर गोगलगायीसारखी चालते. इंजिन कधी नीट तापत नाही. टाकी कायम अर्धी, त्यात पावसाळ्यात पाणी धरतं, डिझेल शिळं होतं. मी म्हटलं, "सुरेश, खड्ड्यावर घे. टाकी उतरव."

सुरेश माझा मिस्त्री, कोलशेत गावातला. पन्नाशीचा माणूस, बैलासारखा दणकट. तो दोन पावलं मागे सरकला. "मावशी, ती आत नको."

"का रे?"

"तिच्या खाली झोपायचा म्हंजे... नको. आमची आय घरात घेनार नाय मना."

तेवढ्यात शेजारच्या केकच्या दुकानातली पोरगी आली. "आंटी, प्लीज, किती वेळ आहे ही? लोक बर्थडेचा केक न्यायला येतात आणि समोर ही उभी. आत्ता एक बाई परत गेली."

मी दोघांनाही झापणार, तर कांबळेच म्हणाले, "राहू दे, मावशी. मला सवय आहे. सगळे गॅरेजवाले बाहेरच्या बाहेर बघतात. तुम्ही बघितलंत तेच पुष्कळ. काहीतरी घालून द्या, मी जातो."

ते इतक्या सहज बोलले, की मलाच शरम वाटली. आणि शरम वाटली की मी घाई करते. टाकी उतरवली नाही, फिल्टर बदलला नाही. बाटली घेतली आणि भिंतीवरच्या माझ्याच लाल अक्षरांकडे पाठ करून औषध ओतलं. वर, लवकर गुण यावा म्हणून एका झाकणाच्या जागी दोन. म्हटलं, "टाकी भरून घ्या. आणि आठवड्यातून एकदा रिकामी गाडी हायवेला नेऊन जरा पळवा. तिला घाम येऊ दे. फिल्टर पुढच्या आठवड्यात बदलू."

दोनच दिवसांत कांबळेंचा फोन. "मावशी, गाडी लोणी झाली हो लोणी! काल एक आजोबा नेले. एक हिसका नाही."

मी कुठे जमिनीवर राहते! आल्यागेल्याला सांगत सुटले. रविवारी कांबळे गाडी पळवायला नाशिक हायवेला गेले, तिकडची गंमत तर मी चार जणांना फोन करून सांगितली. पुलावर लोक शववाहिका बघून हात जोडायचे, आणि जोडलेले हात खाली यायच्या आत ही सत्तरच्या वेगाने पुढे. शेवटी एका हवालदाराने अडवलं. "अहो, कोणाला एवढी घाई झालीय?" कांबळे म्हणाले, "रिकामी आहे साहेब. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय." असं सगळं छान चाललं होतं, आणि छान चाललंय म्हटल्यावर पुढच्या आठवड्यातला फिल्टर माझ्या डोक्यातून पार गेला. कांबळेंना तो आठवत असणार. पण मावशी बोलावेल तेव्हा जाऊ म्हणून ते थांबले. माझ्यावर विश्वास ठेवला, हीच त्यांची चूक.

मग एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला फोन. आवाज अगदी खालचा. "मावशी, बसली. कापूरबावडीच्या अलीकडे. आत माणूस आहे."

मी विचारलंसुद्धा नाही काय झालं. मला माहीत होतं. फिल्टर, पाच लिटरचा स्वच्छ डिझेलचा कॅन, हातभर रबरी नळी आणि पाने घेतले. सुरेशकडे बघितलं. तो आधीच स्कूटर काढत होता.

बाळकुमच्या भोईर नावाच्या गृहस्थांची अंत्ययात्रा होती. आम्ही पोचलो तर मला वाटलं होतं तसं काहीच नाही. आरडाओरड नाही, हॉर्न नाही. गाडी रस्त्याच्या कडेला, मागची दारं उघडी, माणसं रांगेने पुढे येऊन फुलं वाहतायत आणि कांबळे हात बांधून शेजारी उभे. पूर्वी खांद्यावरून नेत, तेव्हा अर्ध्या वाटेवर तिरडी टेकवून घटकाभर थांबत. त्याला विसावा म्हणतात. गाड्या आल्यापासून शहरात फारसं कोणी थांबत नाही. इंजिन खोकून बंद पडलं, तसे कांबळे शांतपणे उतरले होते, मागची दारं उघडली होती आणि म्हणाले होते, "विसावा घ्या. निवांत घ्या, घाई नाही." एक म्हातारे गृहस्थ तर माझ्यासमोर त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंत. हल्ली हे कोणी करत नाही."

कांबळेंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

सगळी माणसं मागच्या दारांशी होती, पुढे कोणाचं लक्ष नव्हतं, तेवढ्यात सुरेश बोनेटमध्ये शिरला. फिल्टर काढला तर आतून डांबर. माझं दोन झाकणं औषध आणि वीस वर्षांचा गाळ. नुसता फिल्टर बदलून भागणार नव्हतं, टाकीत तसला माल अजून भरपूर होता, त्याने पुढच्या वळणावर नवा फिल्टरही तुंबवला असता. म्हणून टाकीची नळी सोडवली आणि रबरी नळीने पंपाचं तोंड थेट कॅनला जोडलं. हवा काढली. कांबळेंनी चावी फिरवली आणि गाडी दुसऱ्या फिरकीला लागली. फोन आल्यापासून जेमतेम पाऊण तास.

पण कॅन धरणार कोण? तो केबिनमध्ये, सरळ धरून ठेवायला हवा. मी पदर खोचला आणि चढले. डिझेलचा कॅन मांडीवर, शेजारी कांबळे, मागे जाळीपलीकडे भोईर आणि त्यांच्या शेजारी बाकावर त्यांच्या पत्नी, नवऱ्याचा हात हातात घेऊन बसलेल्या. अशी मी स्मशानापर्यंत गेले. धंद्यात पस्तीस वर्षं काढली, पण स्वतः दुरुस्त केलेल्या गाडीत बसून एवढी घाबरले नव्हते. गाडी मात्र पाण्यावरून जावी तशी गेली.

परतताना कांबळे म्हणाले, "गाडी बसली त्याचं काही नाही, मावशी. मशीन आहे. पण मी मयताच्या घरच्यांशी खोटं बोललो. वीस वर्षांत पहिल्यांदा."

"तुम्ही नाही, मी बोलायला लावलं."

"तोंड माझं होतं ना."

मी मांडीवरच्या कॅनचं झाकण घट्ट करत बसले.

दुसऱ्या दिवशी मी सावंत साहेबांकडे गेले. त्यांनी हसून स्वागत केलं. "या, मावशी! तुमचंच नाव काढत होतो. भोईरांच्या मुलाचा फोन आला होता. म्हणतो, तुमच्या ड्रायव्हरने आमच्या बाबांचा विसावा केला, फार समाधान वाटलं."

तिथेच गप्प बसले असते तर सगळं मिटलं असतं. कांबळे बोलले नसते, सुरेश तर बोलतच नाही. पण मी दुसऱ्यांचे पंप उघडून त्यांना तोंडावर सांगते, की तुम्ही रॉकेल घातलंय. मग माझं कोण सांगणार?

"साहेब, विसावा नव्हता तो. गाडी बसली होती. चूक कांबळेंची नाही, गाडीचीही नाही. टाकी न धुता मी औषध घातलं."

साहेबांनी चष्मा काढला. "मावशी, हे तुम्ही मला सांगितलं नसतं तर?"

"तर तुम्हाला कळलं नसतं."

"आता कळलंय. मी कमिटीला शब्द दिलाय. थांबली तर भंगारात. थांबली ना?"

"थांबली."

"झालं तर मग." चष्मा पुसत ते म्हणाले, "आणि हे कौतुक मी घेऊन बसलोय त्याचं काय? ते आधी परत करायचं. तेरावं झालं की आपण तिघं त्या घरी जाऊ आणि खरं सांगून माफी मागू. गाडीचं नंतर."

मधल्या दिवसांत मी गाडी पंपरूममध्ये आत घेतली. कोणाला विचारलं नाही. भंगारात जाणार असली तर धुऊन जाईल, म्हटलं. सुरेश तिच्याखाली झोपला. टाकीतून जो काळा लगदा निघाला त्याने अर्धी बादली भरली, आणि वर मूठभर गंज. पंप मी स्वतः उघडला, घासून, जोडून, पंप तपासायच्या बेंचवर लावून बघितला. दांड्यावर ओरखडे होते, पण अजून जीव होता. मग औषध घातलं. एकच झाकण, मोजून.

आम्ही बाळकुमला गेलो तेव्हा भोईरकाकू एकट्याच घरी होत्या. कॉम्प्लेक्सच्या मागे उरलेली त्यांची बैठी चाळ. मुलगा कामावर गेलेला. चहा झाला. सावंत साहेबांनी घसा साफ केला, पण कांबळेंनी त्यांना बोलू दिलं नाही.

"काकू, त्या दिवशी मी विसावा म्हणालो ते खोटं होतं. गाडी बंद पडली होती. तुम्हाला फसवलं, माफ करा."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "मना तवाच कललेलं."

"काय?"

"आमचे टेम्पो चालवायचे. तीस वर्सं. गाडी खोकली कशी, मेली कशी, मी बसल्या जागी सांगंन. पोरांना नाय बोलली. म्हटलं, ड्रायवर आदीच गडबडलाय, ही पोरं त्याला खातील." मग माझ्याकडे वळून त्या चक्क हसल्या. "आनि ही बाय पुढं कॅन मांडीवर घेऊन बसली, मना वाटलं गंगाजल हाय. मंग वास आला."

मी तोंड लपवायला पदर शोधत होते. सावंत साहेबांनी प्रसंग सांभाळायला म्हणून सांगितलं, "काकू, आता असं व्हायचं नाही. ती गाडी आम्ही काढतोय. नवीन येईल, एसी."

"कना काढता?"

"रस्त्यात बसली ना."

"बसली तर काय झालं? उठली ना मंग? यांचा टेम्पो शंबर वेला बसला, म्हनून आमी काय यांना काढला?" काकूंनी मांडीवर हात ठेवला. "मी यांचा हात धरून बसलेली मागं. पार तिथपर्यंत. एक हिसका नाय बसला. हात हलला नाय यांचा. माज्या टायमाला हीच गाडी धाडा, आनि यालाच धाडा."

"काकू, असं काय बोलता," मी म्हटलं.

कांबळे मात्र उठून उभे राहिले आणि म्हणाले, "येईन मी."

परतताना रिक्षात आम्ही तिघं मागे दाटीवाटीने. सावंत साहेब बाहेर बघत होते. कापूरबावडीचा सिग्नल लागला, सुटला, परत लागला. कांबळे रुमालाची घडी घालत होते, मोडत होते. मी गप्प होते, आणि माझ्या ओळखीच्या कोणालाही विचारा, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

सिग्नल तिसऱ्यांदा लागला तेव्हा साहेबांनी बाहेर बघतच विचारलं, "कांबळे, पासिंग कधी आहे गाडीचं?"

भंगारात घालायच्या गाडीचं पासिंग कोणी विचारत नाही. कांबळेंनी रुमाल तोंडाला लावला, म्हणून मीच सांगितलं, "पुढच्या महिन्यात, साहेब. धुराचं मी बघते."